आपल्या उंबरठ्याबाहेरचा इतिहास : भिवंडी शहर व केरकचरा



यंदाच्या स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक लिहा' अशी मंडळाच्या चिटणीसांची आज्ञा झाली. इतिहास म्हटला म्हणजे आपली मूळ गावे, कुलदैवते आणि पूर्वजांचे पराक्रम यांची नोंद, अशी आपली समजूत असते. त्या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी यापूर्वीच्या अंकांतून विपुल लेखन केलेले आहे. मी एक जुना मॅट्रिक झालेला शाळामास्तर. निवृत्तीनंतर रोज सकाळी कामवारी नदीच्या बाजूला फिरावयास जाणे हा माझा नित्यक्रम आहे. त्या वाटेवर जे दृष्टीस पडते त्याचाच इतिहास आज सांगावा असे मनात आले. विषय केरकचऱ्याचा आहे. वाचकांनी नाक मुरडू नये. ज्या घरातून केर बाहेर पडत नाही असे घर नाही. आणि तो केर उंबरठ्याबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न न विचारणारी घरेच बहुसंख्य आहेत. माझेही घर त्यांतलेच होते.

जुनी शिस्त

स्वच्छतेचे नियम इंग्रजांनी आम्हांस शिकविले, असे पुष्कळांना वाटते. ते तितकेसे खरे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराध्यक्षाच्या कर्तव्यांचे प्रकरण आहे. रस्त्यावर केर किंवा माती टाकणारास एक अष्टमांश पण व चिखलपाण्याने रस्ता अडविणारास पाव पण दंड त्यात सांगितला असून, हाच अपराध राजमार्गावर घडल्यास दंड दुप्पट करावा, असे म्हटले आहे. म्हणजे रस्ता हा सर्वांचा असून तो घाण करणे हा सर्वांविरुद्धचा अपराध आहे, ही कल्पना या भूमीत फार जुनी आहे.

त्याहून आपल्या जवळचा दाखला म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र. अठराव्या शतकाच्या प्रारंभीचा हा राजनीतीवरील ग्रंथ. गडाच्या व्यवस्थेविषयी लिहिताना अमात्य तोफा, दारूगोळा व पाण्याची टाकी यांबरोबरच केराचाही विचार करतात. गडावर केरकसपट पडू देऊ नये, तो गडाखाली लोटून देऊ नये, जागच्या जागी जाळावा, आणि त्याची राखही परसात टाकून घरोघर भाजीपाला करावा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. गडावरून खाली केर लोटून देणे किती सोपे! कडा तर जवळच असतो. परंतु खाली लोटलेला केर नाहीसा होत नाही, तो कोणाच्या तरी माथ्यावर पडतो, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते. घरचा केर घराच्याच आवारात जिरवावा, हा त्या आज्ञेचा मथितार्थ आहे. तीनशे वर्षांनंतर सरकारी नियमांतून आपणांस हेच पुन्हा शिकावे लागत आहे.

उकिरड्याचे गाव

भिवंडी हे त्या काळी मोठे शहर नव्हते. खाडीच्या आधाराने वाढलेले ते एक व्यापारी गाव होते. तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत व लाकूड यांचा येथे व्यापार चाले. १९०१ च्या सुमारास भिवंडी व निजामपूर मिळून लोकवस्ती दहा हजारांच्या आसपास होती. हातमाग येथे फार पूर्वीपासून होते. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी ती कला वाढविली.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतही, आमच्या आळीचे स्वरूप गावासारखेच होते. त्या घरांतून बाहेर काय पडत असे, ते मी आठवून पाहतो. चुलीची राख भांडी घासावयास लागे. भाजीची देठे व फळांच्या साली गाईम्हशींच्या तोंडी जात. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत. आणि ज्यांची गोधडीही होण्यासारखी नसे, ते कपडे बोहारणीच्या गाठोड्यात जाऊन त्यांच्या बदल्यात एखादे भांडे घरात येई. वर्तमानपत्राची रद्दी वाण्याकडे पुड्यांसाठी जाई. जेवणावळी केळीच्या पानांवर किंवा पत्रावळींवर होत. उरले सुरले ते उकिरड्यावर पडे. पावसाळ्यापूर्वी तो उकिरडा उपसून शेणखताबरोबर गाडीत भरला जाई.

आपल्या ठाणे जिल्ह्यात भातशेतीसाठी राब भाजण्याची पद्धत आहे. शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर घालून रोपाची जागा भाजून घ्यावयाची आणि मग पेरणी करावयाची. घरांतले व अंगणांतले पुष्कळसे काडीकसपट त्या राबासाठी जाई. शेतातून आलेले शेतालाच परत मिळे. 'कचरा' हा शब्द त्या वेळी आम्ही फारसा वापरीत नसू. 'केर' असे म्हणत असू, आणि तो सुपलीभर असे.

हे वर्णन वाचून 'जुने ते सोने' असे म्हणण्याचा मोह होईल. मलाही तो अनेक वर्षे होता. परंतु सत्याचा दुसरा भागही सांगितला पाहिजे.

टोपली

आमच्या घरांच्या मागल्या बाजूस एक अरुंद बोळ होता. त्या बोळात आम्हां मुलांना जाण्याची मनाई होती. प्रत्येक घराच्या मागे संडासाची एक लहानशी झडप त्या बोळात उघडे. आत पत्र्याचा डबा किंवा टोपली असे. रोज सकाळी एक बाई येई. ती प्रत्येक घरची टोपली आपल्या टोपलीत रिती करी आणि ती डोक्यावर घेऊन निघून जाई. पावसाळ्यात टोपलीतून गळणारे पाणी तिच्या अंगावरून ओघळत असले पाहिजे. असले पाहिजे असे म्हणतो, कारण मी ते निरखून पाहिले नाही. पाहावयाचे नाही, अशीच शिकवण होती. दिवाळीच्या दिवशी ती पुढील दारी येऊन दूर उभी राही. आई फराळ व एखादे जुने पातळ तिच्या पदरात वरून टाकी. माझी आई देवभोळी व दयाळू होती. तथापि त्या बाईचे नाव आईला ठाऊक नव्हते. आम्हांपैकी कोणासच नव्हते.

शेतास मिळणारे खत हे सोन्यासारखे, म्हणून मैल्याच्या खतास आपल्या भाषेत 'सोनखत' म्हणतात. पुण्यास नगरपालिका राख मिसळून असे खत तयार करी व ते उसाच्या बागाईतदारांस विकले जाई. प्रारंभी नाके मुरडणारे शेतकरी पुढे त्यासाठी पैसे मोजू लागले. खताला सोन्याचे नाव मिळाले, पण ते डोक्यावरून वाहणाऱ्याच्या वाट्याला अस्पृश्यता आली. जुन्या व्यवस्थेत काहीच वाया जात नसे हे खरे. परंतु त्या व्यवस्थेने माणसे वाया घालविली, हेही तितकेच खरे आहे. आपल्या अंगणांची शोभा आपल्या पूर्वजांच्या शिस्तीची होती, तशीच ती दुसऱ्या एका समाजाच्या सक्तीच्या सेवेचीही होती. ज्ञातीच्या स्मरणिकेत आपण आपल्या पूर्वजांचे गुण लिहितो. हे ऋणही त्याच वहीत लिहिले गेले पाहिजे.

नगरपालिका व महामारी

भिवंडीस नगरपालिका १८६५ साली स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले. मुंबईत या कामगारांस 'हलालखोर' ही संज्ञा असून, घरमालकांकडून त्यासाठी निराळी पट्टी घेतली जाई. नगरपालिका आल्याने काम करणारा बदलला नाही, केवळ त्याचा धनी बदलला. पूर्वी तो आळीचा होता, आता तो सरकारी दप्तरातला झाला.

मग १८९६ साल उजाडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी ओळखला. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. जेथे धान्य व घाण तेथे उंदीर. उंदरांवरील पिसवा हा रोग माणसाकडे आणतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत लाखो लोक मुंबई सोडून गेले होते आणि त्यांच्याबरोबर रोगही ठाणे जिल्ह्यात व देशावर पसरला होता. १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यातील रँडची जुलमी तपासणी व त्याचा वध हा इतिहास आपण शाळेत शिकलो. १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व दाटीच्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले गेले. या सर्वांचे मूळ अंधाऱ्या बोळांत व वखारींच्या कोपऱ्यांत होते, हे मात्र आपण विसरलो.

मुंबईने कचऱ्यावर जो उपाय शोधला तो थोडक्यात असा : कचरा शहराबाहेर नेऊन टाकावा. आरंभी शहरातील सखल जागा कचऱ्याने भरून काढण्यात आल्या. पुढे कचऱ्याच्या आगगाड्या चेंबूरकडे धावू लागल्या. १९२७ पासून देवनारची कचराभूमी चालू झाली. शहर वाढले तसा तेथे डोंगर वाढला. अमात्यांनी ज्याची मनाई केली होती तेच घडले. केर गडाखाली लोटला गेला, आणि गडाखाली जे राहात होते त्यांच्या माथ्यावर पडला.

ज्यांनी झाडू हाती घेतला

या अन्यायाविरुद्ध आवाज उठविणारे महापुरुष आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. गाडगे महाराजांनी दिवसा गाव झाडावे व रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावीत, हा क्रम आयुष्यभर चालविला. त्यांचे निर्वाण १९५६ साली झाले. महाराष्ट्र शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. सेनापती बापटांसारखा क्रांतिकारकही झाडू घेऊन रस्ता झाडीत असे.

आपल्या कोकणातील अप्पासाहेब पटवर्धनांचे उदाहरण तर मननीय आहे. ते उच्चवर्णीय, विद्वान व महात्माजींचे अनुयायी. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला सफाईचे काम मला द्यावे, अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्यास हे काम देता येत नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे तुरुंगातही जात पाळली जात होती! त्यासाठी त्यांनी अन्नत्याग आरंभिला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यास गांधीजींनीही उपवास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्यापासून खत करणारे संडास बांधून दाखविले. मैला डोक्यावरून वाहण्याची आवश्यकताच उरू नये, हा त्यांचा हेतू होता. केवळ सहानुभूती पुरत नाही, कामाची पद्धत बदलावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

१९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी श्री. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहून नेण्यास कायद्याने बंदी होण्यास १९९३ साल उजाडावे लागले, आणि अधिक कडक कायदा २०१३ मध्ये झाला. एवढे होऊनही गटारात उतरून माणसे मरण पावल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांतून येतात.

एक कबुली

येथे मला माझ्या स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. नोकरीची पहिली काही वर्षे होती. शाळेत २ ऑक्टोबरला स्वच्छतेचा कार्यक्रम असे. मी पाचवीच्या वर्गास कामे वाटून दिली. कोणास फळा, कोणास खिडक्या, कोणास बागेतील पालापाचोळा. एका मुलास मी मुतारी धुण्यास सांगितले. मुद्दाम असे काही मनात नव्हते. ते नाव उच्चारले आणि ते काम तोंडातून बाहेर पडले, इतकेच. त्याने काही न बोलता ते काम केले व उत्तम केले. मी त्याला शाबासकीही दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना फाटकापाशी एक वृद्ध बाई उभी होती. ती आत आली नाही. मी बाहेर गेलो. मी तिला ओळखले. आमच्या मागल्या बोळातली तीच ती. तो मुलगा तिचा नातू होता. ती एवढेच म्हणाली, "मास्तर, हे काम शिकवायला आम्ही घरी होतोच. शाळेत दुसरं काही शिकेल म्हणून धाडला होता."

मला उत्तर सुचले नाही. ती गेली. इतकी वर्षे जिने आमचे घर स्वच्छ ठेवले तिचे नाव त्या दिवशी तरी मी विचारावयास हवे होते. मी तेही विचारले नाही. पुढील वर्षापासून माझ्या वर्गात कामाच्या चिठ्ठ्या टाकण्यात येऊ लागल्या, आणि मुतारीची एक चिठ्ठी शिक्षकांच्या नावांतही असे. ती मला दोनदा आली. एवढेच प्रायश्चित्त माझ्या हातून घडले.

सुपलीचा डोंगर झाला

आता वर्तमानाकडे वळू. मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. गिरण्या थंडावल्या आणि भिवंडीचे यंत्रमाग जोमाने वाढले. माग चालविण्यासाठी उत्तरेकडून व तेलंगणातून माणसे आली. त्यांना राहण्यास मिळेल तेथे खोल्या झाल्या. पुढे मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर व महामार्गालगत असल्यामुळे भिवंडी परिसरात गोदामांची रांगच्या रांग उभी राहिली. २००१ साली भिवंडी-निजामपूर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर गेली. एकशेदहा वर्षांत दहा हजारांची सत्तरपट वस्ती! परंतु रस्ते, गटारे व मोकळ्या जागा सत्तरपट झाल्या नाहीत.

केवळ माणसे वाढली असे नव्हे, केरही पालटला. पूर्वी मागाखाली पडणारी चिंधी सुती असे. तिच्या वाती होत, गोधड्या भरल्या जात, यंत्रे पुसली जात. आणि मातीत पडली तर ती कुजून जाई. आता धागा कृत्रिम आहे. तो कुजत नाही, आणि जाळला तर विषारी धूर होतो. गोदामांतून वेष्टनाचा पुठ्ठा व प्लास्टिक निघते. घरांतून दुधाच्या पिशव्या, खाऊची पाकिटे, थर्मोकोलची ताटे निघतात. ओले व सुके एकाच पिशवीत बांधून, तिला गाठ मारून, आपण ती बाहेर ठेवतो. ती गाठ म्हणजेच साऱ्या अनर्थाचे मूळ होय.

ते कसे, हे मास्तरकीच्या सवयीप्रमाणे सांगतो. भाजीची देठे व उरलेले अन्न उघड्यावर, हवा लागेल असे कुजले तर त्याचे खत होते. तेच जर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडले आणि त्यावर कचऱ्याचे थरावर थर पडले, तर हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू निघतो. म्हणून कचऱ्याचे डोंगर आतल्या आत धुमसतात. २०१६ च्या जानेवारीत देवनारला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस मुंबईवर पसरला होता. आपल्या चाविंद्रा येथील कचराभूमीचा धूर व दुर्गंधी यांविषयी तेथील रहिवाशांनी वेळोवेळी तक्रारी केलेल्या आहेत. शेजारच्या कल्याणची आधारवाडी कचराभूमी अनेक आगींनंतर २०२१ मध्ये बंद करावी लागली. दुसरीकडे, कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी विहिरी-नाल्यांत उतरते. प्लास्टिकने गटारे तुंबली म्हणजे काय होते, हे २६ जुलै २००५ रोजी साऱ्या मुंबई-ठाण्याने अनुभविले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाऊस अपूर्व होता हे मान्य. परंतु पाण्याच्या वाटा आपणच बुजविल्या होत्या, हेही मान्य केले पाहिजे. पुरापाठोपाठ उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आला. १८९६ चा उंदीर पुन्हा आला, केवळ रोगाचे नाव बदलले.

कायदा व उदाहरणे

'हे सर्व महापालिकेचे काम, आम्ही कर भरतो' असा युक्तिवाद आपल्या घरांतून नेहमी ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. १९८० साली माळव्यातील रतलामच्या नागरिकांचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला असता, पैसा नाही या सबबीवर नगरपालिकेस स्वच्छतेचे कर्तव्य टाळता येणार नाही, असा निर्णय न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिला. त्यानंतर कचऱ्याच्या व्यवस्थेचे नियम २००० साली आले, व २०१६ साली ते नव्याने झाले. या दुसऱ्या नियमांनी नागरिकांवरही कर्तव्य टाकले. ओला, सुका व घातक असे कचऱ्याचे भाग घरातच वेगळे करावयाचे, असे त्यांत सांगितले होते. म्हणजे महापालिकेचे काम दारापासून पुढे, आणि आपले काम दाराच्या आत. आपले काम न करता तिच्या कामाचा हिशेब मागणे न्याय्य होणार नाही. आणि आपले केल्यावर तो मागितल्यावाचून राहणेही योग्य होणार नाही.

हे साध्य होण्यासारखे आहे काय? इतिहास 'होय' असे म्हणतो. सुरतेत १९९४ च्या सप्टेंबरात प्लेग आल्याच्या वार्तेने लाखो लोक शहर सोडून पळाले. पुढील वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी रोज सकाळी अधिकाऱ्यांस कचेरीतून बाहेर काढून रस्त्यावर उभे केले, आणि दोन-तीन वर्षांत तेच शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी केरकचरा व शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगात गेली. त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच इंदुराने २०१७ पासून स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिला क्रमांक राखला. याचे मुख्य कारण घराघरातून वेगळा होऊन येणारा कचरा हेच होय.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या प्रेरणेने १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत स्थापन झाली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली, आणि २००८ पासून ती महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. ज्या स्त्रिया कचराकुंडीत वाकून वेचीत असत, त्या ओळखपत्र लावून दारावर येऊ लागल्या. अशा बाईस नाव असते, आणि ते छातीवर लिहिलेले असते. माझ्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे. कोकणातील वेंगुर्ला नगरपालिकेने तर, रामदास कोकरे हे मुख्याधिकारी असताना, कचऱ्याचे अनेक भाग वेगळे करून कचराभूमीचेच पर्यटनस्थळ केले. तेथे ओल्या कचऱ्यापासून गॅस व खत होऊ लागले, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले गेले. वेंगुर्ला लहान गाव आहे हे खरे. पण मोठे शहर म्हणजे तरी काय? अनेक लहान आळ्यांचा समूहच ना?

आपल्याकडून काय व्हावे

गतवर्षी आपल्या ज्ञातीचे स्नेहसंमेलन थाटात पार पडले. भाषणे उत्तम झाली, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, पंगती उठल्या. मी थोडा मागे राहिलो होतो. सभागृहाच्या मागील नाल्याकडेस उरलेला भात, आमटी व शेकडो थर्मोकोलची ताटे एकत्र ओतलेली मी पाहिली. एक मुलगा व त्याची आई त्यांतून पाण्याच्या बाटल्या वेचीत होती. सभागृहात नुकतेच 'आपली उज्ज्वल परंपरा' या विषयावर भाषण झाले होते. भाषणकर्ता मीच होतो.

यास्तव मंडळापुढे मी पुढील गोष्टी नम्रपणे ठेवू इच्छितो. येत्या स्नेहसंमेलनात पत्रावळी किंवा स्टीलची ताटे वापरावीत. उरलेले चांगले अन्न त्याच दुपारी गरजूंकडे पोहोचवावे. खरकटे वेगळे ठेवून त्याचे खत करावे. सभागृहाच्या आवारात त्यासाठी एक खड्डा पुरे आहे. प्रत्येक कुटुंबाने घरात दोन डबे ठेवावेत, ओल्याचा एक व सुक्याचा एक, आणि घातक वस्तूंसाठी, म्हणजे जुने सेल, औषधे, फुटके दिवे यांसाठी, एक लहान पिशवी. ज्यांचे माग किंवा गोदाम आहे, त्यांनी चिंधी व प्लास्टिक जाळू न देता भंगारवाल्याकडे किंवा पुनर्वापराच्या कारखान्याकडे द्यावे. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर 'काच' असे लिहावे, कारण त्या पिशवीत कोणाचा तरी हात जाणार आहे. आणि दारावर कचरा न्यावयास येणाऱ्या माणसाचे नाव विचारावे.

शेवटची सूचना कचऱ्याच्या व्यवस्थेची नाही, असे कोणी म्हणेल. माझे मत तसे नाही. ज्याचे नाव आपणांस ठाऊक आहे, त्याच्या डोक्यावर आपण केर लोटीत नाही. इतक्या पिढ्या आपण तो सहज लोटीत आलो, कारण खाली कोण आहे हे आपण कधी पाहिले नाही.

आमच्या मागल्या बोळावर आता एक इमारत उभी आहे. ती बाई केव्हाच निवर्तली असेल. तिचा नातू मात्र मागे एकदा मला कल्याण नाक्यावर भेटला. तो एका कचेरीत कारकून आहे. त्याने वाकून नमस्कार केला. मी त्याला थांबवून त्याच्या आजीचे नाव विचारले. त्याने सांगितले. ते नाव मी येथे छापीत नाही, कारण त्यासाठी त्याची अनुज्ञा घेतलेली नाही. परंतु घरच्या देवघरात, आईच्या तसबिरीखाली माझी जी वही असते, तीत ते मी लिहून ठेवले आहे.

इत्यलम्.